गुरुत्वाकर्षण म्हणजे काय?

गेल्या उन्हाळ्यांत एका लग्नकार्यानिमित्त शहापुरास जाणें झालें. पंगत उठल्यावर चार जाणते शेतकरी मंडपाच्या कडेला पानसुपारी करीत बसले होते, व बोलणें अर्थातच पाण्यावर आलें. त्यांपैकीं एका वृद्ध गृहस्थांनीं मला विचारलें, "भाऊसाहेब, तुम्हीं सरकारी दप्तर पुष्कळ चाळलें आहे. तानसा आमच्या तालुक्यांत, मोडकसागर आमच्याकडे, भातसा आमच्याकडे. ह्या धरणांचें पाणी मुंबईस जातें, आणि आमच्या पाड्यावर चैत्र सरला कीं टँकर येतो. मुंबई तिकडे ऐंशी-नव्वद किलोमीटर, आणि पाडा धरणापासून हाकेच्या अंतरावर. मग तें पाणी आमच्याकडे न येतां इतक्या लांब आपल्या पायांनीं कसें चालत जातें?" शेजारचे गृहस्थ म्हणाले, "राजकारण, दुसरें काय!"

राजकारण आहे, हें मी नाकारीत नाहीं. महसूल खात्यांत आयुष्यभर लेखणी झिजविल्यावर तें नाकारण्याचा मला अधिकारहि नाहीं. परंतु राजकारणाच्याहि आधीं ह्या प्रश्नास निसर्गाचें एक उत्तर आहे, व तें समजल्यावांचून राजकारणाशीं नीट भांडतांहि येत नाहीं. पाणी आपल्या पायांनीं चालत नाहीं. त्यास कोणी तरी ओढतें. ही ओढ काय आहे, तें ह्या लेखांत सांगण्याचा माझा यत्न आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे, मराठी शाळेंत शिकलेला कारकून आहें. थोरांनीं सिद्ध केलेल्या गोष्टी खळ्यावरच्या व विहिरीवरच्या भाषेंत उतरविणें एवढेंच माझें काम.

देठ सुटला कीं आंबा खालीं पडतो. तो वर कां जात नाहीं, किंवा आडवा शेजाऱ्याच्या बांधावर कां जात नाहीं, असें आपण कधीं विचारीत नाहीं, कारण जन्मापासून तेंच पाहत आलों. पण 'खालीं' म्हणजे कोणीकडे? मुरबाडच्या माणसाचें 'खालीं' म्हणजे त्याच्या पायांकडे. अमेरिकेंतील माणसाचेंहि 'खालीं' त्याच्या पायांकडेच. पृथ्वी चेंडूसारखी गोल असल्यामुळें हीं दोन 'खालीं' जवळजवळ एकमेकांच्या उलट तोंडांचीं आहेत, आणि तरीहि दोघेहि आपापल्या अंगणांत स्वस्थ उभे आहेत. तेव्हां खालीं ही कांहीं आकाशांतील ठरलेली दिशा नव्हे. 'खालीं' म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे. चोहोंकडील वस्तु पृथ्वी आपल्या मध्याकडे ओढते. ह्या ओढीचें नांव गुरुत्वाकर्षण. गुरुत्व म्हणजे जडपणा, आणि आकर्षण म्हणजे ओढणें.

ही गोष्ट आपल्याकडे नवीन नाहीं. भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें, म्हणजे इ. स. ११५० त 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ रचला. त्यांतील गोलाध्यायांत त्यांनीं म्हटलें आहे कीं, पृथ्वीच्या अंगीं ओढण्याची शक्ति आहे. आकाशांतील जड वस्तु ती आपल्याकडे ओढते व ती वस्तु पडल्यासारखी आपणांस दिसते. पृथ्वीच्या पलीकडच्या अंगास राहणारे लोक पडत कां नाहींत, ह्या शंकेसहि त्यांनीं उत्तर दिलें आहे: तळ्याच्या कांठीं उभ्या असलेल्या माणसाची सावली पाण्यांत उलटी दिसते, तशी त्यांची स्थिति, पण ते आपापल्या ठिकाणीं आपल्याइतकेच सुखानें उभे असतात. हे आचार्य आपला गांव सह्य पर्वताच्या आश्रयाचा म्हणून सांगतात, व त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगांवाजवळील पाटण येथें आहे.

ह्यावरून कित्येक उत्साही वक्ते 'न्यूटनच्या आधीं सर्व शोध आपलाच' असें व्यासपीठावरून सांगतात. मला तें पटत नाहीं. पृथ्वी ओढते, हें भास्कराचार्यांनीं स्पष्ट सांगितलें, व तो मान त्यांचा. परंतु किती ओढते, दूर गेल्यावर ती ओढ कोणत्या हिशेबानें कमी होते, व आंब्यास ओढणारी शक्ति आणि चंद्रास फिरविणारी शक्ति एकच आहे काय, ह्यांचें गणित इंग्लंडांतील न्यूटननें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मांडलें. जमीन कोणाची हें सांगणें निराळें, व तिची मोजणी करून हद्दीचे दगड रोंवणें निराळें. दोघांचा मान दोघांस द्यावा.

न्यूटनचा नियम थोडक्यांत असा. जगांतील प्रत्येक वस्तु दुसऱ्या प्रत्येक वस्तूस ओढते. वस्तूंत द्रव्य जितकें अधिक, तितकी ओढ अधिक. अंतर दुप्पट झालें तर ओढ चौथाई होते; तिप्पट झालें तर नवमांश. कोणी म्हणेल, असें जर आहे तर खळ्यावर शेजारीं शेजारीं बसलेलीं दोन माणसें एकमेकांकडे सरकत कां नाहींत? तर ही ओढ फारच दुबळी आहे. प्रत्येकीं साठ किलोचीं दोन माणसें एक मीटरावर बसलीं, तर त्यांच्यामधील ओढ एका तिळाच्या वजनाच्या शंभराव्या हिश्श्याहूनहि कमी भरते. ती जाणवते केवळ पृथ्वीमुळें, कारण पृथ्वीचें द्रव्य अफाट आहे: सहाच्या अंकावर चोवीस शून्यें द्यावीं इतके किलो. हा आकडा कोणी तराजूंत घालून काढला नाहीं, हें उघड आहे. १७९८ सालीं कॅव्हेंडिश नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें बंद खोलींत शिशाच्या मोठ्या गोळ्यांजवळ लहान गोळे बारीक तारेनें टांगून ते किती ओढले जातात हें मोजलें, व त्या मापावरून पृथ्वी किती भारी आहे याचा हिशेब लागला.

पडणारी वस्तु एकाच वेगानें पडत नाहीं. ओढ सतत चालू असल्यामुळें तिचा वेग क्षणोक्षणीं वाढत जातो. पहिल्या सेकंदांत ती सुमारें ४.९ मीटर उतरते, दोन सेकंदांत एकूण १९.६ मीटर, आणि तीन सेकंदांत ४४ मीटर. ह्याचा एक उपयोग आहे. खोल विहिरींत खडा टाकून घड्याळाकडे पहावें. पाण्याचा आवाज दोन सेकंदांनीं आला तर पाणी वीस मीटरांच्या जरासें अलीकडे आहे असें समजावें. दोरी न सोडतां अंदाज येतो. (विहीर दुसऱ्याची असल्यास विचारून खडा टाकावा.)

जड वस्तु आधीं पडते व हलकी मागाहून, असा आपला समज आहे, आणि उफणणी करतांना तो खरा दिसतो: सुपांतून भात सोडला कीं दाणा पायाशीं पडतो व फोल लांब जातें. पण हें काम पृथ्वीचें नसून वाऱ्याचें आहे. पृथ्वी दाण्यास व फोलास सारख्याच वेगानें खालीं आणूं पाहते. हवा मात्र दोघांनाहि अडविते, व फोलाचें अंग मोठें आणि वजन थोडें असल्यामुळें तेंच हार खातें. हवाच नसेल तर काय होतें, हें १९७१ सालीं चंद्रावर गेलेल्या अमेरिकन प्रवाशानें दाखविलें. त्यानें एका हातांतून हातोडा व दुसऱ्या हातांतून पिसारा एकदमच सोडला, आणि दोन्ही जमिनीस एकाच वेळीं टेकलीं. चंद्रावर हवा नाहीं, म्हणून तेथें उफणणी होणार नाहीं.

आपल्या मुरबाड तालुक्यांत ह्याचें एक मोठें उदाहरण पावसाळ्यांत दिसतें. नाणेघाटाच्या कड्यावर जोराचा वारा सुटला म्हणजे धबधब्याचें पाणी खालीं न पडतां उलट वर उडून पठारावर येतें. हल्लीं तें पाहण्यास शहरांतील मंडळी पुष्कळ येतात. गुरुत्वाकर्षण तेथें बंद पडलें आहे असें कोणी समजूं नये. कड्यावरून सुटलेल्या पाण्याचे वाऱ्यानें बारीक तुषार होतात, आणि बारीक थेंबावर पृथ्वीच्या ओढीपेक्षां वाऱ्याचा रेटा अधिक पडतो. पावसाचा टपोरा थेंब सेकंदास आठ-नऊ मीटर वेगानें जमिनीवर आदळतो व उघड्या नांगरटीची माती उडवितो. भुरभुरीचा थेंब दोन मीटरांच्या आसपास. धुक्याचा कण तर तरंगतच राहतो. ओढ सर्वांवर आहे. वारा मंदावला कीं तेंच पाणी मुकाट्यानें खालच्या दरींत जातें.

आतां वजन. आपण जिला वजन म्हणतों ती म्हणजे त्या वस्तूवरील पृथ्वीची ओढच होय. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतकी. म्हणून साठ किलोचें भाताचें पोतें चंद्रावर उचलण्यास दहा किलोसारखें लागेल. मात्र त्यांतील दाणा एकहि कमी होणार नाहीं. येथें तराजूची गंमत पहा. दोन पारड्यांच्या तराजूंत चंद्रावरहि तें पोतें साठ किलोच भरेल, कारण तेथें मापेंहि तितकींच हलकीं होतील. पण स्प्रिंगचा ताणकाटा दहा दाखवील. तराजू द्रव्याशीं द्रव्याची तुलना करतो, ताणकाटा ओढ मोजतो. बाजारांत दोघांचा निकाल एकच येतो, अर्थात् काटा प्रामाणिक असेल तर.

पेरणीपूर्वीं भाताचें बीं मिठाच्या पाण्यांत घालण्याची रीत कृषि खात्याकडून आपणांस सांगितली जाते. तिचें मर्महि हेंच आहे. दहा लिटर पाण्यांत तीनशें ग्रॅम मीठ विरघळविलें म्हणजे पाणी थोडें जड होतें. आकारानें सारख्या अशा पाण्याच्या कणाला व बियाला पृथ्वी ओढूं लागली कीं जो जड तो खालची जागा घेतो आणि हलक्यास वर रेटतो. पळंज, रोगट व अर्धें भरलेलें बीं वर तरंगतें, तें काढून टाकावें. तळाचें बीं दोन-तीन वेळां स्वच्छ पाण्यानें धुवून सावलींत वाळवावें. लाकूड पाण्यावर तरंगतें, तेंहि गुरुत्वाकर्षण नसल्यामुळें नव्हे, तर पाण्याचें गुरुत्व अधिक असल्यामुळें.

चंद्राविषयीं एक शंका नेहमी येते. पृथ्वी सर्वांस ओढते तर चंद्र पडत कां नाहीं? उत्तर ऐकून नवल वाटेल: चंद्र सारखा पडतच आहे. गोफणींतून दगड मारला म्हणजे तो पुढें जातां जातां खालीं येतो. अधिक जोरानें मारला तर अधिक लांब जाऊन पडतो. आतां असा जोर कल्पावा कीं दगड जितका खालीं येतो, तितकीच गोल पृथ्वी त्याच्याखालून वांकत जाते. मग तो पडत राहील, पण जमिनीस कधीं टेकणार नाहीं. हवेचा अडथळा नसेल, तर जमिनीजवळ त्यास सेकंदास सुमारें आठ किलोमीटर वेग पाहिजे. पावसाच्या ढगांचीं चित्रें पाठविणारे कृत्रिम उपग्रह असेच पडत राहिलेले गोफणगुंडे आहेत. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून आपल्यापेक्षां साठपट दूर; म्हणून साठ गुणिले साठ, म्हणजे तेथें ओढ ३६०० वा हिस्सा. आंबा पहिल्या सेकंदांत ४.९ मीटर पडतो, तर चंद्र तितक्याच वेळांत सव्वा मिलिमीटराहून थोडा अधिक. आणि तेवढ्यांत तो एक किलोमीटर आडवा जातो. हा हिशेब आकाशांतील चंद्राशीं जुळला, तेव्हां आंबा आणि चंद्र एकाच कायद्याखालीं आले.

चंद्रहि पृथ्वीस ओढतो. त्याच्या बाजूचें समुद्राचें पाणी फुगतें व विरुद्ध बाजूचेंहि फुगतें, म्हणून दिवसांतून दोन वेळां भरती. सूर्याचा वांटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेस दोघांचें बळ एका रेषेंत येऊन उधाण येतें, व अष्टमीच्या सुमारास तें ओसरतें. आपल्या काळू व भातसा नद्यांचें पाणी शेवटीं ज्या कल्याणच्या खाडींत जातें, तेथें हें रोज दिसतें. आषाढांत इकडे मुसळधार व तिकडे उधाणाची भरती एकाच वेळीं आली कीं नदीच्या पाण्यास उतरण्यास वाट राहत नाहीं, व खालच्या गांवांत पाणी शिरतें.

आमच्या खात्याचाहि ह्या विषयाशीं संबंध आहे, म्हणून थोडें विषयांतर करतों. गवंड्याचा ओळंबा सरळ पृथ्वीच्या मध्याकडे लोंबतो असें आपण मानतों. पण जवळ मोठा डोंगर असेल तर डोंगरहि त्यास ओढणारच. गेल्याच्या मागच्या शतकांत हिंदुस्थानच्या मोठ्या मोजणीच्या वेळीं उत्तरेंतील कलियाना व माळव्याकडील कलियानपूर ह्या दोन ठाण्यांमधील अंतर जमिनीवरील मोजणीनें एक आलें, व ताऱ्यांवरून काढलें तें जरा निराळें. फरक कोनाच्या पांच विकलांहून थोडा अधिक. ओळंबा हिमालयाकडे ओढला गेला हें कारण. कलकत्त्याचे पाद्री प्रॅट ह्यांनीं १८५५ सालीं हिमालयाच्या आकारावरून हिशेब केला, तेव्हां तर फरक जवळजवळ सोळा विकला यावयास पाहिजे होता. म्हणजे हिमालय आपल्या अंगाच्या मानानें कमी ओढतो! त्यावरून डोंगरांच्या मुळाशीं हलका खडक खोलवर गेलेला असतो, हा मोठा शोध लागला. एका ओळंब्याच्या केसभर कलण्यावरून डोंगराच्या पोटांतील गोष्ट कळली. हल्लीं मोजणीदार उपग्रहांवरून जागा दाखविणारें यंत्र घेऊन येतात. त्या उपग्रहांवर पृथ्वीची ओढ कमी असल्यामुळें, व ते वेगानें धांवत असल्यामुळें, त्यांचीं घड्याळें दिवसास सेकंदाच्या दहा लक्षांश भागांपैकीं सुमारें अडतीस भाग पुढें जातात. आइन्स्टाइननें १९१५ सालीं गुरुत्वाकर्षणाचें जें अधिक खोल गणित मांडलें, त्याप्रमाणें ही चूक दुरुस्त केली नाहीं, तर एका दिवसांत जागेचा हिशेब दहा किलोमीटरांनीं चुकेल. मग बांधाचे तंटे किती वाढतील याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पाण्याकडे येऊं.

पाणी खालची जागा शोधतें, कारण त्याच्या प्रत्येक थेंबास पृथ्वी ओढते व त्यास दगडासारखा एका जागीं धरून राहण्याचा गुण नाहीं. आमच्या दप्तरांत भाताची खाचरें, वरकस व गवताळ जमीन असे जे भेद असत, ते पुष्कळ अंशीं ह्या ओढीनेंच पाडले आहेत. डोंगराच्या उतारावरून पाणी माती घेऊन उतरतें, खालच्या खाचरांत ठेवतें. वर राहते ती मुरूम-खडकाची वरकस, तींत नाचणी-वरी घ्यावी. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचें बळ चौपट होतें. म्हणून उतारावर आडवा बांध घातला कीं केवळ पाणी अडत नाहीं, तर त्यास वेग घेऊं न देतां त्याचें बळच मोडतें. उताराच्या दिशेनें उभी नांगरट करणारा मनुष्य मात्र स्वतःच पाण्यास धांवण्यासाठीं रस्ता करून देतो.

चढाचा हिशेबहि सोपा आहे. दहा मीटरांत एक मीटर चढ असेल, तर हजार किलोची भरलेली गाडी सुमारें शंभर किलोच्या बळानें मागें ओढते. शिवाय चाकाचें घर्षण निराळें. कसाऱ्याच्या घाटांत आगगाडीचा चढ ३७ स एक असा आहे. १८६५ सालीं हा मार्ग सुरू झाला. हजार टनांची गाडी तेथें सत्तावीस टनांच्या बळानें मागें येऊं पाहते. त्यासाठीं कसाऱ्यास जादा इंजिनें जोडण्याचा प्रघात पडला. आणि जाणते लोक सांगतात कीं, चढण्यापेक्षां उतरतांनाच चित्त अधिक ठेवावें लागतें. बैलगाडीवाल्यासहि हें ठाऊक आहे.

पाण्याच्या उंचीपासून दाब उत्पन्न होतो. दर दहा मीटर उंचीस, दर चौरस सेंटिमीटरावर एक किलो, असें प्रमाण लक्षांत ठेवावें. टाकी उंच डोंगरावर असून नळी वांकडीतिकडी कितीहि लांब असो, पाणी उभें असतां दाब फक्त उभ्या उंचीचा. ठिबक सिंचनास साधारण एक किलो दाब लागतो. ज्याच्या शेताच्या वर दहा-बारा मीटर उंचीवर टाकी बांधण्यास जागा आहे व तींत ओढ्याचें पाणी आपोआप पडतें, त्यास विजेचें बिल नाहीं. अशा जागा आपल्या डोंगराळ भागांत अनेक आहेत, व आपण त्या गवतास सोडून दिल्या आहेत.

दाबाचीच दुसरी बाजू म्हणजे पंपाचें शोषण, आणि येथें मी स्वतः फसलों तें सांगतों. निवृत्त झाल्यावर मी ओढ्याकांठच्या जमिनीसाठीं इंजिन-पंप घेतला, व पुराची भीति म्हणून तो वरच्या दरडीवर बसविला. मार्गशीर्षांत पाणी उत्तम आलें. फाल्गुनांत ओढा खालीं गेला, पाणी पंपापासून नऊ मीटरांवर राहिलें, आणि इंजिन दिवसभर धडधडून नळींतून एक थेंब येईना. विकणाऱ्यास विचारलें तर तो म्हणाला, झडप गळत असेल. नवी झडप घातली. मग म्हणाला, इंजिन लहान पडतें, मोठें घ्या. मी घेणारहि होतों! शेजारच्या एका कातकरी मजुरानें सहज म्हटलें, "भाऊसाहेब, यंत्रच खालीं न्या ना." पंप पांच मीटर खालीं खडकाच्या कपारीवर नेला, आणि त्याच इंजिनानें त्याच झडपेंतून पाणी भराभर वर आलें.

कारण असें कीं, पंप पाणी ओढीत नाहीं. तो नळींतील हवा काढतो, व बाहेरची हवा आपल्या वजनानें पाण्यास नळींत रेटते. हवेलाहि पृथ्वी ओढते, म्हणून हवेस वजन आहे. आणि तें सर्व वजन पाण्याच्या सुमारें १०.३ मीटर उंच स्तंभाएवढेंच आहे. त्यापलीकडे जगांतील कितीहि मोठें इंजिन असलें तरी वरून पाणी शोषून घेणार नाहीं. नळींतील घर्षण व सांध्यांची गळती धरतां, व्यवहारांत सहा-सात मीटरांवर भरंवसा ठेवूं नये. पंपाच्या पुढें मात्र अशी मर्यादा नाहीं. तेथें इंजिनाचें बळ व नळीची मजबुती असेल तितकें वर ढकलतां येतें. म्हणून पंप पाण्याजवळ ठेवावा, व पुराच्या दिवसांत उचलून आणावा. खोल कूपनलिकेंत पंप पाण्यांतच बुडवून सोडतात, तो ह्याच कारणानें.

किती बळ लागेल याचा हिशेब प्रत्येकास करतां यावा. ७५ किलो वजन एका सेकंदांत एक मीटर उचलणें म्हणजे एक अश्वशक्ति. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सेकंदास पांच लिटर पाणी तीस मीटर चढवावयाचें, तर पांच गुणिले तीस म्हणजे १५०. भागिले ७५, म्हणजे दोन अश्वशक्ति. पंप व नळी ह्यांत बरेंच बळ वांया जातें, म्हणून निदान साडेतीन-चारचें यंत्र घ्यावें. ह्याहून दुप्पट यंत्र कोणी गळ्यांत घालूं लागला तर त्यास हा गुणाकार दाखवावा.

हाच गुणाकार आपल्या घरांतील बाईला लावून पहा. विहीर पाड्याच्या खालीं साठ मीटर उतारावर आहे असें समजूं. पंधरा लिटरांचा हंडा वर आणणें म्हणजे नऊशें किलो-मीटर काम. एका अश्वशक्तीचें यंत्र तें बारा सेकंदांत करील. अर्धें बळ वांया गेलें असें धरलें तरी चोवीस सेकंदांत. बाई मात्र हंड्याबरोबर आपलें पंचेचाळीस किलोचें शरीरहि प्रत्येक वेळीं वर चढविते; तिच्या एकूण श्रमाचा चौथा हिस्साच पाण्यासाठीं होतो, व तीन हिस्से नुसता चढ चढण्यांत जातात. दिवसांत सहा खेपा धरल्या तर ती पहाटेपासून दुपारपर्यंत जें करते, तें लहानशा पंपाचें दोन-अडीच मिनिटांचें काम आहे. हा आकडा मी प्रथम मांडला तेव्हां माझाच माझ्यावर विश्वास बसेना. दोनदां करून पाहिला.

आतां तानसा. हें धरण १८९२ सालीं पुरें झालें. मुंबई समुद्राच्या कांठीं, व तानसा तिच्यापेक्षां उंचावर. त्यामुळें मोठ्या नळांतून पाणी कोणत्याहि यंत्रावांचून केवळ उतारानें वाहत जातें. इंग्रज इंजिनियरांनीं जागा निवडली ती ही उंची पाहूनच. पुढें वैतरणेवर १९५७ सालीं झालेल्या मोडकसागराचें पाणीहि उतारानेंच मुंबईकडे जातें. भातसाचें तसें नाहीं. तें पाणी नदींतून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत आपोआप येतें, पण तेथून विजेच्या पंपांनीं उचलावें लागतें. म्हणजे मुंबईस जें पाणी स्वस्त पडतें, तें पृथ्वी फुकट ओढून नेते म्हणून. आणि आपला पाडा धरणाच्या कितीहि जवळ असला, तरी तो पाण्याच्या वर असल्यामुळें प्रत्येक लिटरासाठीं पृथ्वीशीं झगडावें लागतें. त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचें हें अर्धें उत्तर. उरलेलें अर्धें असें कीं, झगडण्याचा खर्च करणें अशक्य नाहीं, हें पिसे येथील पंपच सांगतात. एका ठिकाणीं वीज खर्चून लक्षावधि लिटर उचलतां येतात, तर दुसऱ्या ठिकाणीं हजारांचा हिशेब कां बसत नाहीं, हा प्रश्न निसर्गाचा नव्हे. तेथें राजकारण म्हणणारे गृहस्थ बरोबर होते.

आणि पृथ्वी आपल्याहि बाजूची होऊं शकते. घाटाच्या माथ्यावर इगतपुरी तालुक्यांत भावली धरण आहे. कसारा ते इगतपुरी चढ सुमारें तीनशें मीटरांचा. म्हणजे घाटावरचें पाणी आपल्या बहुतेक पाड्यांच्या वर आहे. तेथून शहापुराकडे नळानें उतारावर पाणी आणण्याची योजना ह्याच विचारानें आंखण्यांत आली. अशा योजनेचा कागद गांवांत आला म्हणजे किती कोटींची हें विचारण्याआधीं विचारावें कीं, पाणी कोणत्या उंचीवरून निघतें, आमची टाकी कोणत्या उंचीवर आहे, आणि मध्यें कोठें नळ पाणी निघतें त्या उंचीहून वर चढतो काय. ह्या तीन उत्तरांवरून तें पाणी आपोआप येणार कीं विजेच्या बिलावर अवलंबून राहणार, हें कळतें. बिल थकलें कीं बंद पडलेल्या पंपांच्या खोल्या आपण पाहिल्याच आहेत.

उंची मोजण्यास मोठें यंत्र नको. पंधरा-वीस मीटर पारदर्शक नळी घ्यावी, तींत पाणी भरावें, हवेचा बुडबुडा राहूं देऊं नये. दोन सारख्या काठ्यांवर सेंटिमीटरांच्या खुणा करून नळीचीं टोकें त्यांवर बांधावीं. एकानें विहिरीशीं उभें राहावें, दुसऱ्यानें चढावर. दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीस येतें, तेव्हां दोन काठ्यांवरील आकड्यांतला फरक म्हणजे त्या दोन जागांमधील उंचीचा फरक. मग खालच्यानें वरच्याच्या जागेपुढें जावें, आणि असें टप्प्याटप्प्यानें टाकीपर्यंत चढून सर्व फरकांची बेरीज करावी. तीन उंच्या लिहून ठेवाव्या: पाण्याची, पंपाची व टाकीची, आणि त्यांपैकीं पाण्याची उंची श्रावणांत न घेतां वैशाखाच्या अखेरीस घ्यावी.